घडी मोडली तर घ्यावंच लागेल

नवी साडी घरात आली की आईचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "आधी तुझ्या आत्याला नेसू दे, तिच्या हातून घडी मोडू दे." घडी मोडायला देणं म्हणजे मान देणं. जिच्यावर जीव आहे, जिचं घरात जाणं-येणं आहे, तिने आपली कोरी साडी एकदा नेसायची आणि मग ती आपल्या अंगाला लागायची. कितीतरी घरांतून ही रीत होती, अजूनही आहे. तोच शब्द कापडाच्या दुकानात निराळ्याच सुरात कानावर येतो. "ताई, घडी मोडली तर घ्यावं लागेल हं."

तीन वर्षांपूर्वी आईच्या डाव्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काखेतल्या लसिकाग्रंथी काढाव्या लागल्या. त्या काढल्या की हातातला द्रव नीट वाहून जात नाही आणि हात सुजू शकतो. सगळ्यांचाच सुजतो असं नाही, आईचा सुजला. डॉक्टरांनी बजावलं, या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, बांगडी घट्ट नको, बाही घट्ट नको. हात खांद्याच्या वर जाईना, त्यामुळे डोक्यातून घालायचं काहीच जमेना. जन्मभर साडी नेसलेली बाई एक दिवस म्हणाली, "पुढून बटणं असलेला सैल कुर्ता मिळतो का बघ गं, दवाखान्यात जायला बरा पडेल." सत्तरी ओलांडल्यावर ती पहिल्यांदा तयार कपडे घ्यायला निघाली.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. आमच्या तालुक्याच्या गावच्या बाजारपेठेतलं चांगलं मोठं दुकान, बाहेर सेलचा फलक. आईने एक फिकट हिरवा कुर्ता पसंत केला. मी विचारलं, "घालून बघायचा आहे, कुठे जाऊ?" काउंटरवरच्या मुलाने मागच्या भिंतीकडे बोट केलं. पाटी होती: सेलच्या मालाला ट्रायल नाही. तिच्याखाली दुसरी: विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही. मी हाताचं सांगितलं. तो म्हणाला, "डबल एक्सेल आहे ताई, आजींना आरामात बसेल." ट्रायल रूम होती, मला दिसत होती. तिच्यात खोक्यांची थप्पी लावली होती.

साडेआठशे रुपये देऊन आम्ही कुर्ता घरी आणला. आईचा उजवा हात सरळ गेला. डावा कोपराच्या वर जाऊन अडकला. मी ओढून बघितलं, तिने "हं" एवढंच केलं, मी थांबले. दुसऱ्या दिवशी बिल घेऊन गेले तर मालकांनी मान वर न करता पाटी दाखवली. घरी येऊन मी बाहीची शिवण उसवायला घेतली आणि तेव्हा कळलं की आत मायाच नव्हती. शिवताना शिंपी शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतो त्याला आपण माया म्हणतो. अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून ती ठेवायची. या कुर्त्याला कडेला घासून ओव्हरलॉक मारलेलं होतं, पाव इंचसुद्धा आत काही नव्हतं. आई म्हणाली, "राहू दे, मी साडीच नेसते." ऑपरेशनच्या वेळीही जी बाई रडली नव्हती तिचा चेहरा त्या दिवशी उतरलेला मी पाहिला. हा लेख त्या चेहऱ्यासाठी लिहिते आहे.

माझी मागणी एका वाक्याची आहे. जो दुकानदार कपडा घालून बघू देत नाही त्याने तो बदलून दिलाच पाहिजे, आणि ज्याला बदलून द्यायचा नाही त्याने घालून बघू दिलाच पाहिजे. दोन्ही दारं एकाच वेळी लावून घ्यायची मुभा कोणालाही असू नये, सेल असो, दिवाळी असो की लग्नसराई.

लोक म्हणतात, कायदा आहे की. आहे, आणि तो नेमका कुठे संपतो हे बघण्यासारखं आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत. म्हणजे "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी दोष असलेल्या मालाला लावून चालत नाही. शिवण उसवली, पहिल्या धुण्यात रंग गेला, तर पाटीकडे बघायचं कारण नाही, सरळ भांडावं. पण आईच्या कुर्त्यात दोष काय होता? शिवण सरळ होती, रंग पक्का होता. तो फक्त तिच्या हाताला बसत नव्हता. न बसणं हा कायद्याच्या भाषेत दोष नाही. कपड्याच्या बाबतीत लोकांची सगळ्यात मोठी अडचण जी असते, तिथेच हा कायदा आपला हात सोडतो. म्हणून पैसे देण्याआधी घालून बघणं हेच गिऱ्हाइकाचं खरं संरक्षण उरतं.

त्याहून जुना एक कायदा आहे, 1930 चा मालविक्रीचा. त्याच्या कलम 41 मध्ये म्हटलं आहे की विकत घेणाऱ्याने मागितली तर माल तपासून बघण्याची वाजवी संधी विक्रेत्याने द्यायची. ठरल्याप्रमाणे माल आहे की नाही हे कळावं म्हणून ही संधी. तांदूळ तपासायचा तर दोन दाणे दाताखाली घेऊन बघतात, आंबा हुंगून बघतात. कपडा तपासायचा म्हणजे काय करायचं? माझ्या मते कपड्याच्या बाबतीत वाजवी संधी म्हणजे तो अंगात घालून बघण्याची संधी. हँगरवर टांगलेल्या कुर्त्याकडे बघून त्याचा पोत कळेल, मुंढा, म्हणजे बाही खांद्यापाशी जिथे जोडतात तिथला घेर, कळणार नाही. हा अर्थ राज्य सरकारने नियमात स्पष्ट शब्दांत लिहावा, एवढंच करायचं बाकी आहे.

यावर दुकानदारांचं उत्तर ठरलेलं असतं, साइज लिहिलेला असतो ना. लिहिलेला असतो हे खरं. सुट्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर स्मॉल, मीडियम, लार्ज अशा खुणेबरोबर सेंटिमीटरमधलं मापही द्यावं असा वैधमापन शास्त्राचा, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याचा, नियम आहे. तुमच्या अंगातल्या शर्टाचं लेबल आत्ता बघा. बऱ्याच लेबलांवर एक आकडा सापडेल. तो कशाचा आहे? छातीचा असेल तर अंगाचा की कपड्याचा? मुंढ्याचं माप काय, दंडाचा घेर काय, हे तिथे नसतं. आणि एका कंपनीचा लार्ज दुसरीच्या मीडियमएवढा निघतो हे कॉलेजातल्या पोरांनाही पाठ आहे.

याचं मूळ खोलात आहे. तयार कपड्यांचे जे साइज आपल्याकडे चालतात ते बहुतांशी इंग्लंड-अमेरिकेतल्या तक्त्यांवरून आलेले. आपल्या माणसांचं अंग मोजून आपला तक्ता करायचं काम वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने अलीकडे हाती घेतलं, इंडिया साइज नावाने. देशाच्या सहा भागांत मिळून 15 ते 65 वयाच्या सुमारे 25 हजार माणसांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची असा तो प्रकल्प. चांगलं काम आहे, मनापासून सांगते. पण 65 च्या पुढच्या बायका त्या मोजणीत नाहीत. आई त्यात नाही. आणि समजा असती, तरी तक्ता हा सरासरीचाच असणार. एक दंड दुसऱ्यापेक्षा दोन इंचांनी जाड असलेल्या बाईचा साइज कोणत्याही तक्त्यात कधीच येणार नाही. पाठीला बाक असलेल्याचा येणार नाही, बाळंतपणातून उठलेलीचा येणार नाही, पोलिओने एक पाय बारीक राहिलेल्याचा येणार नाही. आणि खरं बघितलं तर नीट मोजल्यावर आपल्यापैकी कोणाचे दोन खांदे सारखे भरतात?

शिंप्याला हे ठाऊक होतं. आपल्या आज्या-पणज्यांना दुकानात कपडे घालून बघायचा प्रश्न पडला नाही, कारण लुगडं आणि धोतर हे न शिवलेलं कापड. ते कोणालाही बसतं, बारीक झालात तर एक निरी जास्त, जाड झालात तर एक कमी. साडीच्या दुकानात आजही गादीवर बसलेला माणूस स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवतो आणि तेवढ्यावर काम भागतं. चोळी, ब्लाउज, सदरा यांना शिंपी होता. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, समोर वही. खांदा, छाती, कंबर, मुंढा, दंड, मोहरी असे आकडे एकाखाली एक. "डावा खांदा जरा उतरता आहे तुमचा," असं तो सहज म्हणायचा आणि त्याप्रमाणे कापायचा. कोट किंवा शेरवानी असेल तर कच्ची शिलाई घालून एकदा बोलवायचा, खडूने खुणा करायचा, मग पक्कं शिवायचा. घालून बघणं तेव्हा शिवण्याच्या कामातच धरलेलं होतं. त्याचे वेगळे पैसे नव्हते आणि वेगळी परवानगीही नव्हती. पुढे तयार कपडे आले, स्वस्त आले, आणि माझ्यासारख्या मध्यमवर्गीय घरांतल्या पोरांना वर्षाला एकाऐवजी चार जोड मिळू लागले. ते चांगलंच झालं, शिंप्याच्या नावाने गळा काढायला मी बसलेली नाही. पण शिंपी जे माप घ्यायचा ते काम आता कोणी करायचं? ते गिऱ्हाइकाच्या अंगावर आलं, आरशासमोर उभं राहून स्वतःच करायचं. तेवढी जागा आणि तेवढा वेळही द्यायचा नसेल, तर आपण विकत काय घेतो? कोणा तरी सरासरी माणसाचे कपडे.

जूनमध्ये शाळेच्या गणवेशाची दुकानं बघा. सोलापुरात शिवलेले गणवेश गठ्ठ्यांनी आलेले असतात, शाळेने सांगितलेलं दुकान एकच असतं, आणि काउंटरवर आयांची तीन-तीन रांगांत गर्दी. पोराला पाठमोरं उभं करून शर्ट त्याच्या पाठीला लावतात, खांदे जुळले की "बसतो" म्हणतात. चड्डीचं माप म्हणून तिचा पट्टा त्याच्या मानेभोवती गुंडाळतात, टोकं मागे जुळली की कमरेला बसणार. ही युक्ती बऱ्याचदा बरोबर निघते, मीही वापरली आहे. पण मांडी आणि सीट मानेवरून कळत नाही. मग शंका नको म्हणून दोन साइज मोठा घ्यायचा, "वाढतं अंग आहे" म्हणायचं, आणि पोर वर्षभर पट्ट्यात चड्डी आवळून शाळेत जातं.

आता दुकानदारांची बाजू, कारण ती खरी आहे आणि मी ती जवळून पाहिली आहे. माझा मामा पंधरा वर्षं कापडाच्या दुकानात नोकरीला होता. पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्याला लिपस्टिक लागते, काखेत घामाचा डाग पडतो, चेन तुटते, बटण तुटतं, आणि गिऱ्हाईक "नाही आवडला" म्हणून निघून जातं. तो कपडा मग नव्याच्या भावाने खपत नाही. एका बाईने दहा कपडे आत नेले की ते दहा परत घडी घालून, टाचण्या लावून, पुठ्ठा सरकवून पिशवीत भरायचे असतात. शर्टाची कंपनीची घडी एकदा मोडली की तशी परत बसवायला मामालाही वेळ लागायचा. चोरीही होते, आपला जुना आत सोडून नवा अंगात घालून जाणारे लोक असतात.

पण हे सगळं सोसावं लागतं कोणाला? मालकाआधी काउंटरच्या पोरांना आणि पोरींना. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभं राहून त्याच घड्या. केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायकांना कामाच्या वेळात बसायचीही परवानगी नव्हती. कोझिकोडच्या बायका त्यासाठी लढल्या आणि 2018 मध्ये तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. गिऱ्हाइकाला घालून बघू देण्याचा भार अशाच कोणाच्या तरी पायांवर पडणार असेल तर मला तो हक्क नको. म्हणून माझ्या मागणीत मालकाने ट्रायल रूमपाशी एक माणूस जास्तीचा ठेवणं आणि त्याला बसायला स्टूल देणं हे धरलेलं आहे. एका वेळी तीनच कपडे आत, हातात तीन आकड्याचा बिल्ला, बाहेर येताना तीन परत. मोठ्या दुकानांतून ही पद्धत चालतेच आहे. आणि आपणही, घातलेला कपडा उलटा करून जमिनीवर टाकून बाहेर येऊ नये. आपल्या घरचे कपडे आपण असे टाकतो का?

काहीजण फॅशन स्ट्रीट नाहीतर तुळशीबागेतल्या पथारीवाल्यांचं उदाहरण देतात, त्यांनी कुठून आणायची खोली? त्यांनी आणू नये. माझी मागणी दोन्हींतल्या एकाची आहे. आणि अनुभव असा की गाडीवर माल विकणारा माणूस या बाबतीत पाटीवाल्यांपेक्षा मोकळा असतो. "घेऊन जा ताई, नाही बसलं तर उद्या आणा, मी इथेच आहे," असं तो म्हणतो, आणि बिल नसूनही दुसऱ्या दिवशी खरंच बदलून देतो. त्याला गिऱ्हाईक परत यायला हवं असतं.

दोन्ही दारं बंद करायची सवय कुठून बळावली, तर कोविडमधून, असं मला वाटतं. जून 2020 मध्ये 'मिशन बिगिन अगेन'खाली दुकानं उघडली तेव्हा राज्य सरकारच्या आदेशातच होतं की कपड्यांच्या दुकानांत ट्रायल रूम वापरायची नाही आणि माल बदलून किंवा परत घ्यायचा नाही. तेव्हा ते योग्य होतं, रोग कशाने पसरतो याची सगळ्यांनाच धास्ती होती. पण आदेश केव्हाच संपला. आमच्या बाजारपेठेत काही भिंतींवर पाट्या तशाच राहिल्या आणि ट्रायल रूम गोदामं झाल्या, कारण साथीच्या काळात दुकानदारांना कळलं की या दोन्ही गोष्टी न देताही माल विकला जातो.

ट्रायल रूम नको असं म्हणणाऱ्या बायकाही आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. एप्रिल 2015 मध्ये गोव्यात कांदोळीला एका दुकानात तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी ट्रायल रूमच्या दिशेने लावलेल्या कॅमेऱ्याची तक्रार केली आणि पोलीस केस झाली. केंद्रीय मंत्र्यालाही वर मान करून कॅमेरा शोधावा लागतो, तर आपलं काय? तेव्हापासून माझी भाची आत गेली की आधी खुंट्या बघते, स्क्रूची भोकं बघते, आरशावर बोट टेकवून बघते, मग दिवा. सोळा वर्षांच्या पोरीला हे सगळं करून मग शर्टाचं बटण काढावं लागतं. चोरून बघणं किंवा चित्रण करणं हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली, आणि पहिल्याच वेळी किमान एक वर्षाची कैद आहे. पण भीती आहे म्हणून खोलीच काढून टाकणं म्हणजे रस्त्यावर छेड काढतात म्हणून पोरींना घरात बसवण्यासारखं झालं. खोली ठेवा, दार जमिनीपासून वरपर्यंत ठेवा, आतून कडी ठेवा, आणि कॅमेरा कुठे आहे ते गिऱ्हाइकाला दाखवा.

आणि एक गोष्ट, जी पाटीवर कधीच लिहिलेली नसते. घालून बघायला कोणाला देतात? काउंटरवरची नजर आधी पायातली चप्पल बघते. माझ्याबरोबर आमच्या घरी काम करणाऱ्या मावशी दुकानात आल्या होत्या, मुलीच्या साखरपुड्यासाठी ड्रेस घ्यायला. मला "आत बघा ना मॅडम" म्हणणारा माणूस त्यांच्या मुलीला म्हणाला, "घेणार असशील तरच घाल." मुलीने ड्रेस खाली ठेवला.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांना कितीतरी दुकानांत टोपी डोक्यावर घालून बघता येत नसे, बूट पायात घालून बघता येत नसत. कागदावर पाऊल उमटवून न्यायचं आणि त्या मापाने बूट मागायचे. एकदा काळ्या अंगाला लागलं की गोरं गिऱ्हाईक ते घेणार नाही, हे कारण. आपल्याकडेही कपडा आणि विटाळ यांची गाठ जुनीच. कोणी काय नेसायचं, किती लांब नेसायचं, किनार कशी असावी हे जात ठरवत होती. म्हणून तर डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना मुद्दाम सांगितलं की जातीची खूण दाखवणारी लुगडं नेसण्याची पद्धत टाका, वरच्या म्हणवणाऱ्या बायका नेसतात तशी नेसा. पाण्याच्या सत्याग्रहाच्या भूमीवर ते कपड्यांबद्दल बोलले, कारण माणसाला माणूस म्हणून वागवतात की नाही हे अंगावरच्या कापडावरून आधी कळतं. "घेणार असशील तरच घाल" हे वाक्य मला त्या जुन्या वाक्यांच्या भावकीतलं वाटतं. तुझ्या अंगाला लागून कपडा कमी होतो, असं त्यात म्हटलेलं आहे. तृतीयपंथी माणसांना तर दोन पाट्यांच्या मध्येच उभं राहावं लागतं, बायकांच्या खोलीतून हाकलतात आणि पुरुषांच्या खोलीत त्या जाऊ शकत नाहीत. सर्वांसाठी असलेल्या सोयी त्यांना नाकारायच्या नाहीत हे तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी केलेल्या 2019 च्या वेगळ्या कायद्यात लिहिलेलं आहे. प्रत्येक खोली एकट्याची आणि कडी लागणारी असेल तर स्त्री-पुरुष अशी पाटीच कशाला हवी?

मोबाइलवरून कपडे मागवणाऱ्यांचा प्रश्न यापुढे फार उरत नाही. बहुतेक मोठ्या साइट ठरलेल्या दिवसांत परत घेतात, आणि परत घेण्याच्या अटी आधी सांगणं ऑनलाइन विक्रीसाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनी त्यांना बंधनकारक केलं आहे. पोरं एकाच शर्टाचे दोन साइज मागवतात, घरच्या आरशासमोर घालतात, एक ठेवतात. म्हणजे घरच ट्रायल रूम झालं. गावच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांना मी तळमळीने सांगते, मोबाइलकडे नसलेली एकच गोष्ट तुमच्याकडे होती, कापडाला हात लावून आणि अंगात घालून तिथल्या तिथे ठरवणं. तीच तुम्ही पाटी लावून बंद केलीत, तर लोकांनी तुमच्या पायऱ्या का चढायच्या?

1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. ग्राहक चळवळीचं पाणी ज्या राज्यात इतक्या आधीपासून मुरलं आहे, तिथे दुकान परवान्याच्या अटींत दोन ओळी घालणं अवघड नसावं: ट्रायल द्यायची किंवा ठरावीक दिवसांत बदलून द्यायचं, आणि दोन्हींतलं काय देणार ते बिलावर आणि दारावर मराठीत लिहायचं. सेलला सूट नाही. व्यापारी संघांनी आपणहून केलं तर सरकारला हात घालावाही लागणार नाही. अंतर्वस्त्रं यातून वगळा, तिथे स्वच्छतेचं कारण खरं आहे. पण मग तिथे तरी माप घेऊन देणारी बाई काउंटरला हवी. पुरुष विक्रेत्यासमोर आकडा पुटपुटून, मिळेल ते पर्समध्ये टाकून घरी येणाऱ्या बायका आपल्या प्रत्येक घरात आहेत.

हिरवा कुर्ता अजून कपाटात आहे. महिनाभराने त्याच बाजारपेठेत, पोस्टाच्या बोळात, एका बाईंच्या लहानशा दुकानात मी आईला घेऊन गेले. ट्रायल रूम नव्हतीच. कपाटामागे दोरीवर जाड पडदा, आत एक प्लास्टिकचं स्टूल, भिंतीला आरसा. मी हाताचं सांगायला तोंड उघडलं, तोवर त्या बाईंनी आईच्या बाहीकडे बघितलेलं होतं. "आजी, बसून घाला. घाई नाही मला," म्हणाल्या आणि पडद्याबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या, कोणी यायला नको म्हणून. आईने चार कुर्ते आत नेले. पहिला दंडात अडकला. दुसऱ्याची बाही गेली पण बटणं ताणली. तिसरा अंगात बसला, मला वाटलं झालं. पण आई स्टुलावरून उठली, भिंतीकडे तोंड केलं आणि फिजिओने शिकवलं होतं तसं डाव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवून एकेक बोट वर चढवायला लागली. खांद्यापर्यंत गेली, तिथे थांबली, अजून दोन बोटं चढली. मग हात खाली घेतला, दंडावरून हात फिरवला, आणि पडद्यातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "हा मुंढ्यात ओढतोय. तो निळा दाखवा."